भिंत धरणाऱ्या पाली

३ ऑक्टोबर

उद्याच्या भाषणाची सुरुवात जमली. विसरण्याआधी इथे उतरवतो.

"वीटभट्टी गल्लीतल्या शेजाऱ्यांनो! उन्हाळ्यातल्या भूकंपात ज्यांच्या घरची कपाटं आडवी झाली, ज्यांच्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्या जमिनीवर लोळल्या, त्या सगळ्यांनो! आ-ग्योक आजींच्या अंगावर देवाचं कपाट कोसळलं, त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. तेव्हा वस्तीप्रमुखांनी लाउडस्पीकरवरून आपल्याला काय ऐकवलं? 'घरं उभी आहेत. आतलं सामान ज्याचं त्याने पाहावं.' वा! माणूस भिंतीखाली मेला तर सरकारचा, आणि कपाटाखाली मेला तर आपापला!"

शिऊ-फुंगला वाचून दाखवलं. ती चुलीपाशी कांद्याच्या पातीच्या पोळ्या लाटत होती. म्हणाली, "झकास आहे. पण म्हाताऱ्या माकडा, कपाट भिंतीला बांधायचं कसं, ते यात कुठे आलं?"

लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून ती मला याच नावाने हाक मारते. मी म्हटलं, आधी माणसं पेटली पाहिजेत, मग उपाय आपोआप येतात. ती म्हणाली, "पेटलेल्या माणसांच्या हातात ड्रिल मशीन द्यायचं म्हणतोस?"

थट्टा होती. तरी भाषण एक दिवस पुढे ढकललं.

४ ऑक्टोबर

लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो होतो. दुकान च्येन मालकीणबाईंचं. आवाज असा की बंदरावरच्या लिलावातही वेगळा ऐकू यावा. म्हटलं, लाकडी पट्टी काँक्रीटच्या भिंतीला पक्की करायची आहे, पट्टीला मग कपाट अडकवायचं. सगळ्यांत मजबूत काय आहे?

त्यांनी गल्ल्याखालून ट्रे काढला. "ही पोलादी पाल, म्हणजे भिंतीत ठोकायचा फुगणारा बोल्ट. हिचा नट आवळला की आत पोट फुगतं आणि ती भोकाच्या कडांना दाबून धरते. हा आटेवाला स्क्रू. हा फुगत बिगत नाही, काँक्रीटमध्ये स्वतःचे आटे कापत शिरतो, फक्त भोक मापात हवं आणि आतली भुकटी फुंकून काढायला हवी. ही प्लॅस्टिकची गिट्टी, भोकात ठोकून तिच्यात स्क्रू फिरवायचा. आणि ही नळीतली राळ, पोकळ विटेत जाळी घालून भरायची." मग मान वर करून विचारलं, "भिंत कसली आहे?"

"काँक्रीटची. सांगितलं ना."

"बघितलीत?"

"घराच्या कागदांवर छापलंय. भक्कम सिमेंट बांधकाम."

"कागदाला भोक पाडायचंय का, मास्तर?"

दुकानातली गिऱ्हाइकं फिसकली. मी विचारलं, राळेची नळी सगळ्यांत महाग असते ना? त्या म्हणाल्या, असते. मी म्हटलं, मग तुम्ही भिंतीची चौकशी का करताय ते कळलं. त्यावर त्यांनी नुसता ट्रे पुढे सरकवला. "मी विकते. शिकवायचं काम तुमचं."

पोलादी पाली घेतल्या. भूकंपापुढे प्लॅस्टिक घेऊन उभं राहायचं? इतिहासात अशी एकही तटबंदी टिकलेली नाही.

५ ऑक्टोबर

भाषण जमलं. इतकं जमलं की आत्ता लिहितानाही हात गरम आहेत.

मंदिरासमोर बोललो आणि सगळ्यांना आमच्या घरी आणलं. पुढच्या खोलीत, दाराशेजारी, त्यांच्यासमोर भोकं पाडली. ड्रिल मशीन किंचाळत होतं, राखेसारखी करडी भुकटी पडत होती. पट्टी लावली, पाली ठोकल्या, पान्याने आवळल्या. आणि मग मी, पेन्शनीत गेलेला इतिहासाचा मास्तर, दोन्ही हातांनी त्या पट्टीला लटकलो. पाय वर उचलून!

आ-ग्योक आजी, खांदा अजून झोळीत, ओरडल्या, "मास्तर, जरा तसेच राहा, माझा फोटो हलला!"

टाळ्या पडल्या. मी लटकल्या लटकल्या म्हणालो, "सरकारने हात वर केले. आपण हात वर करू, पण पट्टी धरायला!" हे वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं.

संध्याकाळी मालकीणबाईंचा पालींचा ट्रे रिकामा झाला होता. गल्लीभर ड्रिल मशिनांचा आवाज. ही गल्ली जिथे आहे तिथे माझ्या लहानपणी विटांची भट्टी होती. शाळेत दर वर्षी मी मुलांना तिची गोष्ट सांगायचो आणि शेवटी एक कोडं घालायचो: भट्टी बंद पडली त्या दिवशी आवारात विटांचे डोंगर उभे होते, ते गेले कुठे? एकाही पोराने कधी उत्तर दिलं नाही. आज त्याच जागेवर माणसं आपल्या हातांनी आपलं घर सांभाळायला शिकली. भट्टीचा असा शेवट कोणत्याच पुस्तकात नसेल.

९ ऑक्टोबर

साऱ्या गल्लीची कपाटं बांधली गेली, आणि माझ्याच घरातलं राहिलंय.

मागच्या खोलीत सूनबाई झोपते, पै-ज्वान. सहावा महिना. मुलगा ची-हान मालवाहू बोटीवर आहे, बाळ झाल्यावरच येईल. तिच्या पलंगाच्या डोक्याशी भिंतीला टेकून ते जुनं कापूरलाकडाचं कपाट उभं आहे. आम्ही दोघांनी मिळूनही ते हलत नाही. ते आधी बांधायला हवं, हे सांगायला मास्तर कशाला हवा?

पण शिऊ-फुंग ऐकेना. गर्भारशीच्या खोलीत गर्भदेव असतो. कधी दारात, कधी चुलीत, कधी पलंगात. तिथे खिळा ठोकला, काही हलवलं, तर ते बाळाला लागतं. मी विचारलं, भूकंप येताना हा गर्भदेव तारीख विचारून येतो का? ती म्हणाली, "भूकंप देवाचा. ड्रिल मशीन तुझं."

मग पलंग हलवू, म्हटलं. तर ते आणखी वाईट. पोटुशीचा पलंग बाळ होईपर्यंत बोटभरही सरकवायचा नाही. म्हणजे कपाटाला भोक नाही आणि पलंगाला चाक नाही!

पै-ज्वान तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाबा, आई, तुम्ही दोघं माझ्या पलंगावरून भांडताय, आणि झोप माझी उडतेय."

१२ ऑक्टोबर

तोडगा निघाला. पै-ज्वानला दिवसभरासाठी ल्वोतुंगला तिच्या माहेरी धाडलं. शिऊ-फुंगने नवी केरसुणी आणली आणि तिने आधी भिंत झाडली, वरपासून खालपर्यंत, हळू आवाजात म्हणत, "जरा बाजूला व्हा, जरा बाजूला, आमचं काम आहे." हे असं करायची रीत आहे म्हणे, तिच्या आईने दाखवलेली. मी हसू दाबलं.

ड्रिल मशीन सुरू केलं. पुढच्या खोलीपेक्षा कितीतरी सहज आत गेलं. लोण्यातून सुरी जावी तसं. मशीन नवं आहे, आणि माझाही हात आता बसला असावा.

शिऊ-फुंग सुपलीत भुकटी गोळा करत होती. एकदम थांबली. "अगंबाई. लाल पडतंय."

खरंच लाल होतं, जास्वंदीच्या रंगाचं.

"भिंतीचं रक्त निघालं," ती म्हणाली. "देव सरकला नाही."

शिकलेल्या माणसाच्या घरात चाळीस वर्षं राहून! मी तिला नीट समजावून सांगितलं की गिलाव्याला जुन्या काळी गेरूचा हात देत असत. देत असतीलच. ती लाल भुकटी तिने केरात टाकली नाही, कागदात बांधून ठेवली.

एक पाल नीट बसेना, नटाबरोबर गोल फिरत राहिली. आवळत राहिलो. जितकं आवळावं तितकं पोट फुगतं आणि तितकी पकड वाढते, हे तर मालकीणबाईच बोलल्या होत्या. शेवटी आतून बारीक कट् असा आवाज आला आणि ती बसली. गिलाव्याला केसासारखी चीर पडली होती. पुट्टी भरून टाकली.

संध्याकाळी पै-ज्वान आली. कपाट आता धक्क्याने हलत नाही, हे तिला ढकलून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, पुरे, पुरे. भिंत येईल हातात."

१९ ऑक्टोबर

पाऊस. गल्लीत चिखल. लोक भेटले की भिंतींबद्दल बोलतात. मासळीवाल्या को-दादाने मला रस्त्यात थांबवून सांगितलं की त्याच्या पोरांच्या दुमजली खाटेवरचं फडताळ आता हत्तीलाही निघायचं नाही. नेमक्या तुमच्यासारख्याच पाली लावल्या, म्हणाला. छाती भरून आली. आयुष्यभर वर्गातल्या बाकांपुढे बोललो, त्यातलं किती कोणाच्या घरात पोचलं देव जाणे. हे मात्र पोचलं, आणि भिंतीत जाऊन बसलं.

पै-ज्वानच्या उशीवर सकाळी पांढरी पूड असते. रोज. तिने झटकताना मला दाखवली. जुना गिलावा, ओली हवा.

२१ ऑक्टोबर

कालपासून पै-ज्वान पुढच्या खोलीत दाराशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपते. पलंग तिथेच, रिकामा. शिऊ-फुंगने चादर ताणून ठेवलीय, जणू कोणी येणार आहे. विचारलं, काय झालं? "उकडतं तिला." ऑक्टोबरात, आमच्या या पावसाच्या गावात, उकडतं!

कळत नाही असं नाही. ती लाल भुकटी अजून देवघरात कागदात आहे. शिऊ-फुंग सुनेच्या मनात ही भीती पेरून मोकळी झाली. मी कपाट बांधलं ते तिच्यासाठी, आणि घरात मीच अपशकुनी ठरलो. वाईट वाटलं.

२६ ऑक्टोबर

दुपारी छोटा धक्का बसला. चहाचा पेला टेबलावर चार बोटं सरकला, बस. मी उठलोही नाही. उलट मनात म्हटलं, बघा, आता आमची गल्ली कशी ठाम उभी आहे.

थोड्या वेळाने आ-ग्योक आजी दारात उभ्या. चांगल्या हातात गाठ मारलेला रुमाल.

"मास्तर, तुमची पाल परत आणलीय."

"म्हणजे?"

"भिंत खाऊन बाहेर आली, बिचारी."

रुमाल सोडला. पोलादी पाल जशीच्या तशी, पोट फुगलेलं, आणि त्या पोटाला चिकटलेला लाल तुकडा. सुपारीएवढा. वीट.

कपाट आजींच्या समोरच पुढे झुकलं, एका पालीवर लोंबकळत राहिलं. शेजारच्यांनी धरलं म्हणून. आजींनी मला दोष दिला नाही. उलट म्हणाल्या, "तुम्ही तर स्वतः लटकला होता की. तुमची भिंत चांगली, आमची नशीबवान नाही एवढंच."

मी तो तुकडा हातात घेतला. पहिल्यांदा मनात काय आलं तेही लिहितो, कारण ही वही माझी आहे: आजींनी नट नीट आवळला नसेल.

२७ ऑक्टोबर

छिन्नी-हातोडी घेऊन मागच्या खोलीत गेलो. शिऊ-फुंग दारात आली. तिला वाटलं, भिंत फोडू का असं मी विचारीन. मी विचारलं नाही, तीही नको म्हणाली नाही. पण केरसुणी घेऊन आली आणि छिन्नी लागण्याआधी भिंत झाडली. या वेळी मला हसू आलं नाही.

गिलावा अंगठ्याच्या पेरापेक्षा जाड निघाला. माझ्या पालीची अर्धी लांबी लाकडात आणि गिलाव्यातच संपली होती. त्यामागे वीट. नुसती वीट नाही, भट्टीची शिक्का मारलेली वीट. कडेला फुलाचा तो ठसा, जो मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवायचो. ते विटांचे डोंगर गेले कुठे? या गल्लीत गेले. खांब आणि वरच्या तुळया काँक्रीटच्या, आणि मधल्या सगळ्या भिंती भट्टीच्या उरलेल्या विटांच्या, वरून गिलावा आणि चुना. पुढच्या खोलीत मी दाराशेजारी लटकलो, तो खांब होता. म्हणून करडी भुकटी पडली. मी सगळ्या गल्लीसमोर खांबाला लटकलो आणि भिंतींची हमी दिली.

पालीजवळची वीट तीन ठिकाणी फुटली होती. तो कट् आवाज. मी जितकी आवळली, तितकी तिने आतून वीट फोडली. पाल पान्याने जरा हलवली, तर बोटांनी निघून आली. दुसरीही. एवढं मोठं कापूरलाकडाचं कपाट आणि त्याला धरून ठेवलं होतं पुट्टीने आणि माझ्या भाषणाने.

पलंगाकडे पाहिलं. चादर ताणलेली, उशीवर पांढरी पूड.

शिऊ-फुंग म्हणाली, "पलंग हलवता येत नव्हता. म्हणून तिला हलवलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय, तू भाषण दिलं असतंस." मग थोडं थांबून, "मला भिंतीतलं कळत नाही. मला वाटलं देव रागावलाय. पण रोज उशीवर काहीतरी पडतंय, एवढं तर दिसतच होतं."

मलाही दिसत होतं. मी इथे लिहिलंसुद्धा होतं.

कपाट रिकामं करून, को-दादाला बोलावून, आडवं जमिनीवर ठेवलं. को-दादा हसत आला होता. भिंत बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मास्तर, माझी पोरं त्या फडताळाखाली झोपतात." आणि चप्पल तिथेच टाकून पळत घरी गेला.

२८ ऑक्टोबर

सकाळी मालकीणबाईंकडे गेलो. म्हटलं, तुम्ही विचारलं होतं भिंत कसली.

"हो. एकदा विचारलं." त्यांचा आवाज आज बारीक होता. "आणि मग सगळा ट्रे विकला. दुसऱ्यांदा कोणालाच विचारलं नाही. गर्दी होती."

मग त्यांनी ट्रे काढला आणि या वेळी मी ऐकलं. पट्टी लांब घ्यायची, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. दोन्ही टोकांना खांबात आटेवाले स्क्रू, कारण तिथे काँक्रीट आहे, आणि हे स्क्रू फुगून काही फोडत नाहीत. खांबाच्या कडेच्या फार जवळ नको. स्क्रू घेताना लाकडाची जाडी आणि गिलाव्याची जाडी आधी वजा करायची, उरेल तेवढीच पकड. मधे विटेत लागलंच तर सांध्यात नाही, विटेच्या पोटात, मोठी गिट्टी किंवा राळ, आणि तेही पट्टी डोलू नये इतक्यापुरतं. ओझं खांबांनी घ्यायचं. आणि सगळ्यांत आधी एक बारीक भोक पाडून भुकटीचा रंग बघायचा. करडा की लाल.

"हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"तुम्ही ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. पण गल्लीने ऐकलं असतं, कोणीतरी सांगितलं असतं तर. आणि सांगणारा मी होतो.

दुकानातून निघाल्यावर मनात काय काय आलं! घरोघरी जाऊन हळूच सांगावं. घराच्या कागदांवर भक्कम काँक्रीट छापणाऱ्या बिल्डरवर तोफ डागावी. सगळे माझ्या बाजूने होतील, आणि ते खोटंही नसेल. दोन दिवस थांबावं, शब्द नीट जुळवावेत. पण काल को-दादाची पोरं त्या फडताळाखाली झोपली असती. शब्द जुळेपर्यंत आणखी कोणाकोणाची झोपतील?

वस्तीप्रमुख थू यांच्याकडे गेलो. लाउडस्पीकर मागितला. त्यांनी खुर्चीत मागे रेलून मनसोक्त ऐकून घेतलं.

"सामान ज्याचं त्याने पाहावं, असं मी म्हणालो होतो ना, मास्तर? तुम्ही त्यावर पाऊण तास बोललात. माझी बायको अजून ती वाक्यं म्हणून दाखवते."

"तेव्हा तुमचं चुकलं होतं. आता माझं चुकलंय."

त्यांनी लाउडस्पीकरचा माईक माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "सहाला कचऱ्याची गाडी येते. ती गाणं वाजवत आली की सगळी गल्ली पिशव्या घेऊन रस्त्यावर असते. तेव्हा बोला. बटण हे. आणि पाऊण तास नको."

घरी आलो. पै-ज्वान चटईवर बसून खाऱ्या मासळीबरोबर पेज पीत होती. म्हणाली, "बाबा, बाळाने आज जोरात लाथ मारली. देव तरी रागावलेला नाही वाटतं." शिऊ-फुंग तिच्याकडे पाहून ओठ दाबून हसली आणि मला विचारलं, "सुरुवात जमली का?"

जमली. इथे उतरवतो. यात काही शोभेचं नाही.

"वीटभट्टी गल्लीतल्या शेजाऱ्यांनो. पिशव्या खाली ठेवा, गाडी थांबेल. मी यौ मास्तर बोलतोय. ज्यांनी माझं ऐकलं, त्यांच्याशी.

मी पट्टीला लटकलो होतो, तो खांब होता. तुमच्या माझ्या भिंती विटेच्या आहेत. पोलादी पाल विटेला धरत नाही, आतून फोडते. आ-ग्योक आजींचं कपाट परवा सुटलं. माझ्या सुनेच्या डोक्याशी असलेल्या कपाटाच्या पाली मी काल बोटांनी काढल्या. चूक आजींची नाही, तुमची नाही, नट आवळणाऱ्या कोणाचीच नाही. तुम्हाला ते करायला मी सांगितलं.

उद्यापासून मी आणि च्येन मालकीणबाई प्रत्येक घरी येऊ. भोक पाडून भुकटी बघू, खांब शोधू, नव्याने बांधू. बिल्डरचं, सरकारचं भांडण आहेच, ते भांडू, पण नंतर. आणि ज्यांच्या घरी गर्भारशी आहे आणि पलंग हलवायचा नाही, त्यांनी पलंग हलवू नका, माणूस हलवा. माझ्या बायकोने तसंच केलं.

आज रात्रीपुरतं एकच मागतो. माझ्या शब्दावर भिंतीला जे जे बांधलंत, त्याच्याखाली आज कोणालाही झोपवू नका. कचऱ्याची पिशवी गाडीत टाका, घरात जा, आणि दिवे लावायच्या आधी त्या कपाटाखालची उशी उचला."